तीन पानांचं लॅटिन

डेल्बर्ट ब्रुगमनला लॅटिन येतं, ही बातमी लेक ऑस्मंड गावात पसरली तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का डेल्बर्टलाच बसला.

तसं तो खोटं काही बोलला नव्हता. अकरा वर्षांच्या नातीने, मार्नीने, अ‍ॅरिझोनाहून फोनवर विचारलं होतं, "आजोबा, तुला लॅटिन येतं?" आणि तो म्हणाला होता, "आम्हाला शाळेत होतं की!" आता होतं म्हणजे होतंच. दोन वर्षं होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सिस्टर क्लोटिल्डने त्याला पास केलं, ते 'तिसऱ्या वर्षी हा माझ्या वर्गात दिसणार नाही' या बोलीवर. दोघांनीही शब्द पाळला. पण एवढं सगळं नातीला कोण सांगत बसतं! झाकली मूठ सव्वालाखाची.

ती मूठ डेल्बर्टच्या सत्तराव्या वाढदिवशी, सात जूनला, पोस्टाने उघडली. पाकिटातून मार्नीचं लाडकं पुस्तक निघालं. गावच्या लाँड्रीतल्या सातव्या मशीनमध्ये हरवलेला मोजा शोधायला डोकं घालणारी टिली थेट ढग धुणाऱ्या चेटकिणींच्या राज्यात जाऊन पडते, ते पुस्तक. सगळ्या देशातल्या पोरांनी त्याची पारायणं केली होती. ते विकत घ्यायला मुलं रात्रीच्या कपड्यांत रांगा लावून उभी राहिली होती. फक्त डेल्बर्टच्या हातात आलेली प्रत लॅटिनमध्ये होती. कुणा विद्वानाने आयुष्यातली चार चांगली वर्षं खर्चून टिलीला लॅटिन शिकवलं होतं. माणसाला निवृत्तीनंतर मासे धरायचा नाद असावा असं डेल्बर्टचं मत होतं, ते आणखी पक्कं झालं.

आत चिठ्ठी होती. 'आजोबा, मला इंग्रजीतलं पाठ आहे. टिली लॅटिनमध्येही तेवढीच भन्नाट आहे का ते मला सांग. दर रविवारी फोन करीन. ऑगस्टमध्ये आम्ही येतो तेव्हा शेवटचं प्रकरण तू मला वाचून दाखवायचं.'

'दर रविवारी' हे शब्द डेल्बर्टने तीनदा वाचले. दोन वर्षांपूर्वी लेक-जावई अ‍ॅरिझोनाला गेल्यापासून मार्नीचा फोन म्हणजे "बरी आहे", "हं", "आईला देते" एवढाच उरला होता. त्याला त्याचं फार वाईट वाटायचं. लेक ऑस्मंडमध्ये वाईट वाटलं तर गॅरेजमध्ये जाऊन अवजारं पुसायची पद्धत आहे. डेल्बर्टची अवजारं दोन वर्षांत आरशासारखी झाली होती.

"वाचणार आहेस?" बायकोने, आर्डिसने विचारलं.

"न वाचायला काय झालं? लहान मुलांचं तर पुस्तक आहे."

"लहान मुलं ते लॅटिनमध्ये वाचत नाहीत, डेल्बर्ट."

इथे डेल्बर्टचा स्वाभिमान दुखावला. एकतीस वर्षं त्याने मिनेसोटा राज्याच्या नोकरीत धान्याच्या गोदामांवरचे काटे तपासले होते. त्याचा शिक्का पडला की वजन बरोबर, याबद्दल तीन जिल्ह्यांत दुमत नव्हतं. असा माणूस एका मोजा हरवलेल्या पोरीला घाबरणार? त्याने त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बैठक मारली. तळघरातून शाळेतला शब्दकोश वर आणला. एका वसंतात तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हापासून त्याची पहिली ऐंशी पानं एकमेकांना घट्ट धरून बसली होती. त्यामुळे पहिल्या काही अक्षरांनी सुरू होणारे शब्द डेल्बर्टला अंदाजाने लावावे लागत होते.

शेजारच्या ऑर्विल टॉलफसनने कुंपणावरून सल्ला दिला. ऑर्विलला कुठल्याही विषयावर सल्ला देता येत असे आणि विषय त्याला माहीत नसला तर सल्ला जास्त लांबत असे.

"लॅटिन म्हणजे गवत कापायचं मशीन समज. दोरी ओढत राहायची. दहादा फुसफुसतं, अकराव्यांदा धडधडतं. मोठ्याने वाच, मोठ्याने!"

"तू वाचलंयस लॅटिन?"

"मी? छे! मी लूथरन आहे, लॅटिन कॅथलिकांकडे." ऑर्विलने जरा मागे सरकून पुस्तकाकडे पाहिलं. "वेगळंच आहे हं."

त्या गावात 'वेगळंच आहे' हे वाक्य तीन प्रसंगी वापरतात. स्वयंपाक बिघडला तर, पोराने केस हिरवे केले तर, आणि माणूस हाताबाहेर गेला तर.

धड शब्दकोश मिळावा म्हणून डेल्बर्ट वाचनालयात गेला आणि तिथेच त्याचं पाऊल घसरलं. उन्हाळ्यात तिथे अख्ख्या गावाची वाचनस्पर्धा असते. भिंतीवर कागदाचा उंच थर्मामीटर, आणि जो तो आपलं पुस्तक नोंदवून त्यात लाल पट्टी चिकटवतो. किर्स्टन नावाच्या तरुण ग्रंथपालबाईने त्याच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

"मिस्टर डिट... मिस्टर ब्रुगमन, हे लॅटिन आहे?"

बिचारी इतकी हरखली होती की नावही चुकली.

"आहे थोडंसं."

"मग एखाद्या गुरुवारी आम्हाला वाचून दाखवा ना!"

"छे छे, माझं कसलं वाचन," डेल्बर्ट म्हणाला.

"थोडंसंच. मोठ्या खोलीत."

"नको, उगाच लोकांना त्रास."

आता हे नीट समजून घेतलं पाहिजे. लेक ऑस्मंडमध्ये कुणी कॉफी पुढे केली तरी दोनदा नाही म्हणायचं असतं. पहिला नकार हा शिष्टाचार, दुसरा नकार हा विनय, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, घोटभर' म्हणून दोन कप प्यायचे. डेल्बर्ट खऱ्या नकारासाठी तिसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभा राहिला. पण किर्स्टन त्याच गावची लेक होती. दोन नकार मिळताच तिने 'हो' लिहून घेतलं आणि तिसरा प्रश्न विचारायच्या ऐवजी दारावर जाहिरात लावली. खरोखरच नको असेल तर काय करावं, याची त्या गावात आजतागायत कुणी सोय केलेली नाही.

मोठ्या खोलीसाठी तालुक्याच्या कचेरीचा अर्ज भरायचा होता. त्यात 'कार्यक्रम धार्मिक आहे काय?' असा रकाना होता. डेल्बर्टने 'नाही' लिहिलं. खाली 'भाषा' या रकान्यात 'लॅटिन' लिहिलं. चार दिवसांनी अर्ज शेरा मारून परत आला. लॅटिन असूनही धार्मिक नाही, याबद्दल दोन्ही चर्चची पत्रं जोडा. लूथरन पास्टरने लिहिलं, 'असला प्रकार आमच्याकडे होत नाही.' कॅथलिक फादरने लिहिलं, 'आमच्याकडेही हल्ली होत नाही.' पत्रं जोडली, तर कचेरीतल्या बाई म्हणाल्या की धार्मिक नाही, सभा नाही, लग्न नाही, तर हा प्रकार बसवायचा कुठल्या वर्गात? शेवटी त्यांनी तो 'उन्हाळी क्रीडा' या सदरात बसवला. क्रीडा म्हटल्यावर प्रथमोपचाराची पेटी आणि ती सांभाळणारा जबाबदार माणूस हजर हवा. ते काम ऑर्विलने दोन नकार देऊन स्वीकारलं.

या सगळ्यात डेल्बर्टची तीन पानं झाली. तीन आठवड्यांत तीन पानं! पण काय पानं होती! शब्द न् शब्द तोलून, मापून, शिक्का मारून घेतलेला. पहिलाच शब्द होता 'एक्के!' म्हणजे 'पाहा!' आणि पुढे टिली, तिचा मोजा, लाँड्रीतली बाई, सात नंबरचं गुरगुरणारं मशीन. डेल्बर्ट एकटाच हसायला लागला तेव्हा आर्डिसने त्याचा ताप पाहिला.

पहिल्या गुरुवारी चार माणसं आली. आर्डिस, किर्स्टन, मांडीवर पेटी घेतलेला ऑर्विल आणि पावसाचा अंदाज घेऊन आत शिरलेला एक म्हातारा. डेल्बर्टने तीन पानं खणखणीत वाचली. नंतर आर्डिसने केलेल्या र्‍हुबार्बच्या आंबटगोड वड्या आणि कॉफी. शेवटची वडी कुणी घेईना म्हणून तिचे अर्धे केले, अर्ध्याचे पाव केले, आणि शेवटचा पाव तुकडा सगळे गेले तरी ताटातच होता.

अडलं ते चौथ्या पानावर. तिथे एकच वाक्य अकरा ओळींचं होतं. टिली मशीनमध्ये शिरते की मशीन टिलीच्या अंगावर येतं, मोजा कुणाचा, ओढतं कोण, काही केल्या थांग लागेना. डेल्बर्टने ते डावीकडून वाचलं, उजवीकडून वाचलं, मासे धरायला गेला तेव्हा होडीत वाचलं. गुरांच्या डॉक्टरला लॅटिन येतं असं ऑर्विल म्हणाला म्हणून त्याच्याकडे गेला. डॉक्टरने चष्मा लावून वाक्य तपासलं आणि टिलीला गुरांचा फऱ्या रोग झाला असावा असं निदान केलं.

एखाद्याने अर्थबिर्थ गुंडाळून ठेवून पुढचं पान धडाधड वाचून टाकलं असतं. ऐकणाऱ्यांत कुणाला कळणार होतं? पण न समजलेलं वाक्य लोकांपुढे वाचणं म्हणजे न तपासलेल्या काट्यावर शिक्का मारणं. ते डेल्बर्टच्या हातून होणं नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी तो घामाघूम होऊन गेला तर खोलीत नऊ माणसं. त्याला एकदम सुचलं. "नवीन मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी पहिल्यापासून घेतो." आणि तीच तीन पानं वाचली. वड्यांची कीर्ती पसरत होती. तिसऱ्या गुरुवारी सोळा जण आले. पुन्हा नवीन मंडळी, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या गुरुवारी चोवीस. ऑर्विल दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलवायचा. मशीन गुरगुरायचं त्या जागी तर तो पेटीची कडी घट्ट धरायचा. कुणी एक चकार शब्द काढला नाही. डेल्बर्टला वाटलं, खपलं! लॅटिन आहे, कुणाला काय कळतंय!

त्याचं खरं दुखणं रविवारचं होतं.

"आजोबा, कुठवर आलास?" पलीकडून चिवचिवाट सुरू व्हायचा.

"सरकतोय पुढे."

"किती पान?"

"चाळीस," पहिल्या रविवारी त्याने सांगितलं. मग पंचाहत्तर. मग एकशेवीस. जो माणूस एका गव्हाच्या दाण्याचा फरक खपवून घेत नसे, तो आता दर रविवारी कित्येक पानांची खोट मारत होता. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटायची. पण फोन केवढा चालायचा! पाऊण पाऊण तास! "मग चेटकिणीने ढग उलटा वाळत घातला ते आलं का? मग ती इस्त्री बोलायला लागते ते?" अख्खी गोष्ट मार्नीच सांगायची आणि डेल्बर्ट रिसीव्हर कानाला चिकटवून "हो ना, काय ती इस्त्री!" म्हणायचा. नव्या गावातल्या शाळेत मुली कशा वागतात, डबा एकटीने खाताना टिली कशी बरोबर असते, तेही त्या गोष्टीच्या ओघात येऊन जायचं. खरं सांगितलं तर हे बंद. पुन्हा 'बरी आहे', 'हं', 'आईला देते'. तेवढी एकच भीती डेल्बर्टला होती. बाकी वाचनालय, थर्मामीटर, गावातली अब्रू, सगळं गेलं असतं तरी चाललं असतं.

ऑगस्टच्या नऊ तारखेला मार्नी आली ती थेट गुरुवारच्या कार्यक्रमाला. सहावा आणि समारोपाचा गुरुवार. किर्स्टनने जाहिरातीवर लिहिलं होतं, 'अंतिम प्रकरण. श्री. ब्रुगमन यांच्या नातीच्या उपस्थितीत.' खोलीत एकतीस माणसं. पहिल्या रांगेत मध्यभागी मार्नी, मांडीवर इंग्रजी प्रत, कडा विरलेली. आणि तिच्या शेजारी, चाकाच्या खुर्चीत, त्र्याण्णव वर्षांच्या सिस्टर क्लोटिल्ड!

"तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता," आर्डिस कुजबुजली. "चाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमातून ऑर्विलने आणलं. किती खूश झाल्यात!"

सिस्टर क्लोटिल्ड खूश झालेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी डेल्बर्टला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ब्रुगमन," त्या म्हणाल्या, "तू अजून लॅटिन वाचतोस हे ऐकून मी आधी नर्सला विचारलं, माझी औषधं बदलली का."

डेल्बर्टने पुस्तक उघडलं. शेवटचं प्रकरण. त्यातला एक शब्द ओळखीचा वाटला, तो टिलीचं नाव निघाला. मार्नी पुढे झुकून, तोंड अर्धवट उघडं टाकून वाट पाहत होती. आता पुन्हा 'नवीन मंडळी आली आहेत' म्हणावं असं त्याच्या मनात आलं. जीभ रेटली नाही. त्या पोरीचा चेहरा काट्याच्या पारड्यासारखा समोर होता आणि त्यात खोटं वजन टाकवेना.

"मला हे वाचता येत नाही," डेल्बर्ट म्हणाला.

लेक ऑस्मंडमध्ये माणसाला हृदयविकाराचा झटका आला तरी तो 'याहून वाईट होऊ शकलं असतं' एवढंच म्हणतो. भर सभेत असा कबुलीजबाब गावाने कधी ऐकला नव्हता. तीन-चार जणांनी सभ्यपणे छताकडे पाहिलं.

"मला तीनच पानं येतात. तुम्हा सगळ्यांना मी पाच गुरुवार तीच वाचून दाखवली. मार्नी, तुला चाळीस सांगितली, एकशेवीस सांगितली, गेल्या रविवारी दोनशे सांगितली, ते सगळं खोटं. तू फोन करणं बंद करशील म्हणून बोललो. माझं चुकलं."

त्याचा चेहरा इतका पांढरा पडला की ऑर्विलने घाईघाईने प्रथमोपचाराची पेटी उघडली. आत एक बँडेज आणि रुमालात गुंडाळलेल्या चार वड्या होत्या.

"डेल्बर्ट," ऑर्विल पेटी मिटत म्हणाला, "आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तीच तीन पानं. दुसऱ्या गुरुवारीच कळलं. अरे, लॅटिन कळत नसलं तरी कान आहेत आम्हाला."

"मग बोललास का नाहीस?"

"तू इतक्या मनापासून वाचत होतास," ऑर्विल अवघडून म्हणाला. "आणि नंतर नंतर आम्हाला आवडायला लागलं. मी तर गाई धुताना म्हणतो."

"मी गाडी चालवताना," किर्स्टन म्हणाली.

"मला ते मशीन गुरगुरतं ना, तिथे फार बरं वाटतं," पाऊस चुकवून आत आलेला म्हातारा म्हणाला. त्या उन्हाळ्यात तो एकदाही पावसात भिजला नव्हता.

मग ऑर्विल टॉलफसन, आजन्म लूथरन, पेटी छातीशी धरून उभा राहिला आणि गरजला, "एक्के!"

आणि काय सांगावं! एकतीसपैकी अठ्ठावीस माणसं उभी राहिली. गाईवाले, ट्रॅक्टरवाले, बँकेतल्या दोघी बहिणी, सगळ्यांनी एका दमात तीन पानं म्हटली. टिली आली, मोजा हरवला, लाँड्रीतली बाई ओरडली, आणि मशीनची जागा आली तशी अख्खी खोली अशी गुरगुरली की भिंतीवरचा थर्मामीटर सुटून खाली आला. चौथ्या पानाच्या उंबरठ्यावर सगळे एकदम थांबले आणि आपण चारचौघांत एवढा आवाज केला या विचाराने लाजून चूर झाले.

सिस्टर क्लोटिल्डने डोळे पुसले. "उच्चार भयंकर," त्या म्हणाल्या. "पाठांतर मात्र चोख. चाळीस वर्षं शिकवलं, माझ्या एका वर्गाने एवढं पाठ केलं नाही. ब्रुगमन, चौथं पान इकडे आण."

पण डेल्बर्ट मार्नीकडे पाहत होता. ती हसत नव्हती. कपाळाला आठी घालून विचार करत होती.

"म्हणजे इस्त्री बोलते ते तू वाचलंच नाहीस?"

"नाही."

"फक्त मी सांगितलं तेवढंच तुला माहीत आहे?"

"तेवढंच."

"पण मी शेवट सांगितलाच नाही! मला वाटलं तू वाचणारच आहेस!" मार्नी ताडकन उभी राहिली. "आजोबा! म्हणजे तुला शेवट अजून माहीतच नाही!" तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला त्याला तोड नव्हती. ज्याला आपलं आवडतं पुस्तक पाठ आहे, त्याच्या नशिबात ते पहिल्यांदा वाचणारा माणूस क्वचितच सापडतो. "अजिबात कुणाला विचारू नकोस! आज्जी, याला इंग्रजीतलं देऊ नकोस! हा शेवट लॅटिनमध्येच वाचणार, आणि प्रत्येक वाक्य आधी मला सांगणार. रविवारी. फोनवर."

"रविवारी?" डेल्बर्टने विचारलं.

"मग काय! खोटी पानं सांगितलीस ना? आता खरी सांगायची." तिने आजीच्या हातातला कागदी रुमाल ओढला, किर्स्टनची पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. "पुस्तक दोनशे अठ्ठावीस पानांचं. नऊ आठवड्यांत तुझी तीनच पानं झाली. म्हणजे..." बराच वेळ ओठ हलले. "आजोबा, तेरा वर्षं आणि आठ आठवडे!"

कुणीतरी हळहळलं. मार्नीने ताटातली शेवटची वडी उचलली आणि अर्धी न करता अख्खी तोंडात टाकली. लेक ऑस्मंडच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं, पण त्या क्षणी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

डेल्बर्टने चष्मा लावून रुमाल जवळ घेतला आणि एकेक आकडा बोटाने तपासला.

"तेरा वर्षांना एक आठवडा कमी," तो म्हणाला. "वाचून झालेली तीन पानं तू पुन्हा धरली आहेस."